घरापुरता धर्म

धर्म उंबऱ्याच्या आत ठेवावा, युरोपने तेच केले आणि म्हणूनच तो पुढे गेला, हे विधान मराठी वर्तमानपत्रांतील लेखांत आणि घरच्या मंडळींच्या चर्चेत मी सतत वाचतो आणि ऐकतो. भोंगे, मिरवणुका, रस्त्यावरचा नमाज, मंडप असा कोणताही विषय निघाला की युरोपचा दाखला ठरलेला असतो. मी नेदरलँड्समध्ये राहतो, आणि ज्या देशाकडे असे बोट दाखवले जाते त्याच्याच इतिहासात हा युक्तिवाद टिकत नाही, हे सांगणे मला भाग वाटते. येथे घरात गेला तो हरलेल्यांचा धर्म. जिंकलेल्यांचा चौकातच राहिला.

स्पेनचा कॅथलिक राजा दुसरा फिलिप आणि त्याचे वारस यांच्याविरुद्ध डच प्रांतांचा लढा १५६८ ते १६४८ असा ऐंशी वर्षे चालला. त्यामागे नवे कर होते, प्रांतांचे जुने हक्क होते आणि प्रॉटेस्टंटांचा छळही होता. या लढ्यातूनच १५७९ चा उट्रेख्तचा करार झाला आणि त्याच्या तेराव्या कलमाने धर्मावरून कोणाची चौकशी वा छळ होऊ नये असे लिहून ठेवले. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती आणि तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे. मात्र आदल्याच वर्षी, मे १५७८ मध्ये, ॲमस्टरडॅमच्या कॅथलिक कारभाऱ्यांना पदावरून काढून शहराबाहेर घालवण्यात आले होते. चर्चच्या इमारती प्रॉटेस्टंटांच्या कॅल्विनपंथी सुधारित पंथाकडे गेल्या आणि कॅथलिकांची सार्वजनिक उपासना बंद झाली. मनात काय मानावे याची मोकळीक होती. ते चारचौघांत दिसण्याची नव्हती.

त्या व्यवस्थेचा अर्थ ॲमस्टरडॅममधील एका घरात उभे राहिल्यावर नीट कळतो. यान हार्टमान नावाच्या कॅथलिक व्यापाऱ्याने कालव्याकाठचे आपले घर आणि त्यामागची दोन घरे यांचे वरचे मजले जोडून १६६१ ते १६६३ या काळात तेथे चर्च बांधले. बाहेरून पाहिले तर शेजारच्या घरांसारखेच विटांचे घर; अरुंद, खडे जिने चढून गेले की एकाएकी वेदी, ऑर्गन आणि मजल्यांच्या जमिनी मधोमध कापून केलेले सज्जे दिसतात. प्रवचनाचे व्यासपीठ वेदीच्या खांबाच्या बैठकीत दडवून ठेवता येते. शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. अनेक ठिकाणी अधिकाऱ्यांना पैसे पोहोचवले की डोळेझाक होत असे. शहराला व्यापारी हवे होते, त्यामुळे ही सहिष्णुता बऱ्याच अंशी हिशेबाची होती. त्यातून माणसे जगली हे खरे. पण तिला समानता म्हणता येणार नाही.

याच काळातील एक माणूस हा सगळा प्रश्न गोव्यापर्यंत आणून पोहोचवतो. हार्लेममध्ये जन्मलेला यान हाउखेन फान लिन्सखोटेन १५८३ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून तेथे गेला आणि परतल्यावर १५९६ मध्ये त्याने आपला ग्रंथ ॲमस्टरडॅममध्ये प्रसिद्ध केला. पोर्तुगीजांनी जपलेली सागरी मार्गांची माहिती त्यात होती, आणि १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीला ती फार उपयोगी पडली. इतिहासकार त्याच्याकडे बहुधा या माहितीसाठीच पाहतात. मला मात्र त्याने गोव्यातील हिंदूंविषयी लिहिलेला भाग अधिक मोलाचा वाटतो. त्यांना आपापल्या श्रद्धेप्रमाणे राहता येते, परंतु लग्ने, दहन आदी विधी गोव्याच्या बेटावर उघडपणे करायला आर्चबिशपची मनाई आहे. ते त्यांनी मुख्य भूमीवर जाऊन किंवा घरात गुपचूप करावेत, असे तो नोंदवतो. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, अशी ही दैवते पोर्तुगीज हद्दीबाहेर का गेली, हे गोमंतकीय वाचकाला वेगळे सांगायला नको. कॅथलिक आर्चबिशपने हिंदूंना जे सांगितले, जवळजवळ तेच कॅल्विनपंथी नगरपित्यांनी कॅथलिकांना सांगितले. एकमेकांचे कट्टर वैरी असलेल्या या दोन सत्तांचे रस्त्यावर मालकी कोणाची याबाबत एकमत होते.

समुद्र ओलांडल्यावर तर ॲमस्टरडॅमची डोळेझाकही सर्वत्र टिकली नाही. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर डच कंपनीने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती. गोव्यातील बाणावलीचे कॅथलिक धर्मगुरू जोसेफ वाझ १६८७ मध्ये वेश पालटून जाफन्यात उतरले आणि लपूनछपून काम करू लागले. पुढे त्यांना मोकळेपणाने काम करू दिले ते श्रीलंकेतल्याच कँडीच्या बौद्ध राजाने, तेही आधी हेर समजून कैदेत टाकल्यानंतर. सहिष्णुता ही युरोपने जगाला दिलेली देणगी आहे, असे म्हणणाऱ्यांनी या प्रसंगाचा विचार करावा.

घरापुरत्या धर्माचा हा काळ फार लांबला. १८४८ च्या डच राज्यघटनेने उपासनेचे स्वातंत्र्य दिले, पण मिरवणुका जेथे आधीपासून कायदेशीर होत्या तेथेच चालू ठेवल्या, आणि हे बंधन १९८३ मध्ये नवी घटना आल्यावरच घटनेतून गेले. ॲमस्टरडॅमच्या कॅथलिकांनी १८८१ पासून मार्चमधील एका रात्री मूकपणे चालण्याची प्रथा पाडली, ती आजही आहे. हातात मेणबत्ती नाही, झेंडा नाही, ओठांवर गाणे नाही. मद्यालयांच्या गजबजाटातून पायांचा आवाज तेवढा पुढे सरकत राहतो. टाळमृदंगाच्या गजरात पालखी पाहत वाढलेल्या माझ्यासारख्याला ते दृश्य भक्तीचे वाटते, तसेच अपमानाचेही वाटते.

आज येथे काय आहे? १९८८ च्या सार्वजनिक सभा-मिरवणुकांच्या कायद्यात चर्चची घंटा आणि अजानसारखी प्रार्थनेची हाक या दोहोंना एकाच कलमात परवानगी आहे, आणि कालावधी व आवाजाची पातळी यांबाबत नियम करण्याचा अधिकार नगरपालिकेला आहे. २०१९ पासून शाळा, रुग्णालये, सरकारी इमारती आणि सार्वजनिक वाहतुकीत चेहरा झाकण्यास मनाई आहे, आणि ती कोणाला लागते हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे वाद संपलेला नाही. तरीही घंटा आणि हाक एकाच वाक्यात लिहिणारे ते कलम मला या देशाच्या चारशे वर्षांतील मोठी कमाई वाटते.

भारतातील ध्वनिप्रदूषण नियमही २००० सालापासून कोणत्याही धर्माचे नाव घेत नाहीत. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि वर्षाला जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत, हे सगळे लिहिलेले आहे. त्यामुळे धर्म घरात ठेवा हा उपदेश मला अनावश्यक वाटतो आणि घातकही, कारण तो व्यवहारात दुबळ्या बाजूलाच लागू होतो. मराठी वृत्तपत्रांनी त्याऐवजी हिशेब मागावा: सवलतीचे दिवस कोणते आणि ते कसे निवडले, मर्यादा ओलांडल्याच्या किती तक्रारी आल्या, आणि त्यांपैकी कोणत्या मंडळावर, मशिदीवर, मंदिरावर वा चर्चवर कारवाई झाली.