ताई, तुमचा प्रिंटर भंगारात काढू नका

ताई, नमस्कार. दुकान माझं आहे, म्हणून उत्तरही मीच लिहितोय. आमच्या दुकानाने घरी नवा राउटर लावल्यापासून प्रिंटर आणि जुना लॅपटॉप वायफायला जोडले जात नाहीत, आमच्या दुकानातल्या मुलाने "दहा वर्षांचा प्रिंटर आहे, भंगारात काढा" असं सांगितलं, आणि शाळेचे पेपर काढायला तुम्हाला अमळनेरच्या भर उन्हात झेरॉक्सच्या दुकानात जावं लागलं, असं तुम्ही लिहिलंय. राउटर डुप्लिकेट असेल अशी शंकाही आहे.

भंगाराचं ते बोलणं चुकलं, त्याबद्दल माफी मागतो. आपल्याकडे लोक पाण्याची मोटर तीन-तीनदा रिवाइंड करून चालवतात. चालती वस्तू फेकून द्या असं सांगणारं दुकान मला चालवायचं नाही.

राउटर मात्र अस्सल आहे आणि त्यात बिघाड नाही. तो नव्या पद्धतीने लावला, जुन्या उपकरणांचा विचारच केला नाही, ही आमची चूक. त्यात पासवर्डची सुरक्षा डब्ल्यूपीए३ वर ठेवली होती. ही पद्धत २०१८ साली आली. तुमचा प्रिंटर त्याआधीचा, त्याला आधीच्या डब्ल्यूपीए२ पर्यंतचंच कळतं. त्यामुळे पासवर्ड बरोबर टाकला तरी तो 'जोडता येत नाही' म्हणतो आणि माणूस पुन्हा पुन्हा पासवर्डच तपासत बसतो. शिवाय राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर वायफाय देतो. प्रिंटर फक्त २.४ वर चालतो आणि आम्ही दोन्ही पट्ट्यांच्या वायफायला एकच नाव दिलं होतं. मोबाइल त्यात आपली वाट शोधून घेतो, जुना प्रिंटर कधीकधी अडतो.

दुसऱ्या खेपेला मुलाने प्रिंटर गेस्ट नेटवर्कवर टाकला. प्रिंटरचा दिवा लागला आणि मुलगा निघून आला. तुम्ही लिहिलंय, "जोडलेला दाखवतो, पण कागद बाहेर येत नाही." येणारच नव्हता, ताई. गेस्ट नेटवर्क पाहुण्यांसाठी असतं. तिथल्या उपकरणाला इंटरनेट मिळतं, पण घरातल्या मुख्य नेटवर्कवरचे मोबाइल-लॅपटॉप आणि ते एकमेकांना दिसत नाहीत. एक पान छापून बघितलं असतं तर तिथेच कळलं असतं. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

आता काय करणार ते सांगतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही उपयोग होईल. २.४ ला वेगळं नाव देऊ, त्यावर डब्ल्यूपीए२ आणि एईएस (माहिती गुप्त ठेवायची पद्धत) ठेवू, चॅनेलची, म्हणजे त्या पट्ट्यातल्या वाटेची, रुंदी २० मेगाहर्ट्झ करू. चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा असेल तो घेऊ, कारण काही जुनी यंत्रं १२ आणि १३ वरचं नेटवर्क बघतच नाहीत. प्रिंटर कायमचा तिथे राहील, गेस्टवर नाही. मोबाइल ५ वर. म्हणजे प्रिंटरमुळे त्यांचा वेग अडणार नाही. पण तुमच्या जुन्या घराच्या जाड भिंतींतून ५ चा सिग्नल फार लांब जात नाही. मागच्या खोलीत मोबाइलही २.४ वरच घ्यावा लागेल, हे आधीच सांगतो.

लॅपटॉपला वायफायचं नावच दिसत नाही म्हणता. तिथे बहुतेक ड्रायव्हर, म्हणजे वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, जुना आहे. काही जुन्या वायफाय कार्डांना, ड्रायव्हर अपडेट नसेल तर, वायफाय ६ (वायफायची नवी पिढी) चालू असलेलं नेटवर्क दिसत नाही. आधी ड्रायव्हर बदलू. नाहीच जमलं तर २.४ वर वायफाय ६ बंद करू, घरच्या कामाला त्याने फरक पडत नाही.

एक गोष्ट मात्र कोणी कितीही म्हटलं तरी करणार नाही. फार जुन्या उपकरणासाठी अख्ख्या घराचं वायफाय डब्ल्यूईपी या सगळ्यात जुन्या सुरक्षेवर आणणार नाही. ते कुलूप काही मिनिटांत तुटतं. तशा वस्तूला केबल बरी.

रविवारी सकाळी दहाच्या आत, ऊन चढायच्या आधी, मी स्वतः येतो. पैसे लागणार नाहीत. दोन्ही खेपांचे घेतलेले पैसेही तेव्हाच परत देईन. लॅपटॉप चार्ज करून ठेवा आणि प्रिंटरमध्ये चार-पाच कागद घाला. लॅपटॉपवरून एक आणि मोबाइलवरून एक पान निघाल्याशिवाय मी उठणार नाही.