टॅक्सिडर्मीच्या बिलात जो आकडा लिहिलेलाच नसतो

जरा मोठी पोस्ट आहे, पण हे बरेच दिवस डोक्यात घोळतंय आणि आमच्या लाइनमधलं कुणी उघडपणे बोलत नाही म्हणून लिहितोय.

मी जोहान्सबर्गला फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये आहे. परदेशातून इथे शिकारीला येणारे लोक जी जनावरं मारतात त्यांची कातडी, शिंगं, कवट्या, नाहीतर इथेच तयार करून घेतलेली भिंतीवर लावायची मुंडकी, हे सगळं लाकडी खोक्यात भरून अमेरिकेला आणि युरोपला पाठवायचं, त्याची परमिटं, व्हेटर्नरी सर्टिफिकेटं, कस्टमचे कागद सांभाळायचे, हे आमचं रोजचं काम. आफ्रिकेतली शिकार म्हटलं की आपल्या लोकांना २०१५ मध्ये झिम्बाब्वेत मारला गेलेला सेसिल सिंह आठवतो, पण आमच्याकडून जाणाऱ्या खोक्यांत बहुतेक वेळा इम्पाला, कुडू, गेम्सबॉक (ही हरणासारखी), वॉर्टहॉग (इथलं रानडुक्कर), झेब्रा हीच जनावरं असतात. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये जे पेंढा भरलेले वाघ-बिबटे आपण शाळेच्या सहलीत बघितले ते काम, म्हणजे टॅक्सिडर्मी, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर जवळजवळ संपलं, इथे मात्र तो आजही जोरात चालणारा धंदा आहे.

शिकार बरोबर की चूक यावर कमेंटमध्ये वाद होणारच, तर माझं आधीच सांगून टाकतो. मी शिकार करत नाही, करावीशीही वाटत नाही. पण साऊथ आफ्रिकेत ती कायदेशीर आहे, १९९१ च्या गेम थेफ्ट ॲक्टमुळे नीट कुंपण घातलेल्या जमिनीवरच्या जनावरांवर शेतमालकाचा हक्क टिकतो, त्यामुळे गाईगुरं सोडून कुडू-इम्पाला पाळणारे कितीतरी शेतकरी आहेत आणि त्यांचं घर त्यावर चालतं. केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली, बोत्सवानाने २०१४ मध्ये बंद करून २०१९ मध्ये परत चालू केली, प्रत्येक देशाची आपापली कारणं आहेत. तो विषय वेगळा. मला बोलायचंय ते पैशाबद्दल, आणि त्यातही एका ठरावीक पैशाबद्दल.

शिकारीला येणाऱ्या माणसाला खर्च साधारण असा कळलेला असतो, रोजचा राहण्या-फिरण्याचा दर, त्यावर प्रत्येक जनावराची ट्रॉफी फी (ट्रॉफी म्हणजे शिकाऱ्याने आठवण म्हणून न्यायची कातडी, शिंगं, मुंडकी), आणि जखमी करून हातचं निसटलं तरी पूर्ण पैसे. हे सगळं आधी छापील मिळतं, त्यात लपवाछपवी फारशी नसते. गडबड सुरू होते ती गोळी झाडून झाल्यावर.

शेवटच्या रात्री शेकोटीजवळ प्रोफेशनल हंटर, ज्याला इथे सगळे पीएच म्हणतात, तो विचारतो की ट्रॉफींचं काय करणार आहेस? आणि लगेच म्हणतो, आमचा एक टॅक्सिडर्मिस्ट आहे, एक नंबर काम करतो, उद्या एअरपोर्टला जाताना वाटेत दाखवतो. दुसऱ्या दिवशी गाडी त्या वर्कशॉपला थांबते. आत जिराफाची अख्खी मान, उडी मारणारा बिबट्या, कॉफी, थंड पेय, सगळं एकदम झकास, आणि समोर एक फॉर्म येतो. शोल्डर माउंट (खांद्यापर्यंतचं मुंडकं) हवा की फुल, म्हणजे अख्खं जनावर, की नुसती कवटी-शिंगं, झेब्र्याच्या कातड्याचा रग, म्हणजे गालिचा, करायचा का, मान डावीकडे वळवायची की उजवीकडे. माणूस आठवडाभराच्या आनंदात असतो, विमानाची वेळ जवळ आलेली असते, तो टिक मारत जातो आणि निम्मे पैसे डिपॉझिट म्हणून भरून निघतो. दुसरीकडे भाव विचारायचा त्याच्या डोक्यातही येत नाही, कारण ज्याच्या भरवशावर तो आठवडाभर जंगलात चालला त्याच माणसाने हे नाव सांगितलेलं असतं.

आणि त्या भरवशाचा दर ठरलेला असतो. दहा टक्के, पंधरा टक्के, कधी त्याहून जास्त. गिऱ्हाइकाचं बिल भरलं की तेवढे पैसे पीएचला नाहीतर आउटफिटरला, म्हणजे ज्या कंपनीने ती सफारी विकली तिला, परत जातात. बिलावर याचा उल्लेख नसतो. मी एका वर्कशॉपच्या दोन रेटलिस्ट बघितल्यात, एकच जनावर, तोच शोल्डर माउंट, थेट येणाऱ्याला एक भाव आणि आउटफिटरमार्फत येणाऱ्याला दुसरा, आणि दुसरी लिस्ट पहिलीपेक्षा बरोबर एका ठरावीक टक्क्याने चढी. त्यांच्या वर्कशीटमध्ये शेवटी एक अरुंद कॉलम होता, त्यात फक्त दोन-दोन अक्षरं, पीएचच्या नावांची. गिऱ्हाइकाला जाणाऱ्या प्रतीत तो कॉलम नव्हता.

हिशोब करून बघा. समजा कुडूचा शोल्डर माउंट ९०० डॉलर, गेम्सबॉक ८५०, इम्पाला ५००, वॉर्टहॉग ५५०, आणि झेब्र्याचा रग १०००. झाले ३८०० डॉलर. पंधरा टक्के म्हणजे ५७०. डॉलरला अठरा रँड धरले तर दहा हजार रँडच्या वर. आता दुसरी बाजू. २०२४ मध्ये इथलं किमान वेतन तासाला २७.५८ रँड होतं, म्हणजे आठवड्याला ४५ तास काम करणाऱ्याला महिन्याला साधारण ५४०० रँड. जनावर पडल्यावर त्याच दिवशी, थंडी असो की रात्र, कातडं सोलून, कान आतून उलटे करून, ओठ आणि पापण्या पातळ करून त्यात मीठ चोळणारा जो स्किनर असतो त्याच्यावर त्या ट्रॉफीचं सगळं नशीब अवलंबून असतं, कारण मीठ उशिरा किंवा कमी लागलं की केस गळायला लागतात आणि मग जगातला कुठलाही कारागीर ते वाचवू शकत नाही. अशा माणसाचा पगार किमान वेतनावर असेल तर एका गिऱ्हाइकाच्या एका वाक्याच्या शिफारशीचे पैसे त्याच्या जवळजवळ दोन महिन्यांच्या पगाराएवढे होतात. मला हे आकडे मांडले की खरंच त्रास होतो.

आपल्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही, कट प्रॅक्टिस म्हटलं की मुंबई-पुण्यातला प्रत्येक माणूस समजतो. डॉक्टर स्कॅनची चिठ्ठी देतो, सेंटर त्याला कट देतं, पेशंट भरतो. २०१७ मध्ये मुंबईत एका मोठ्या हृदयाच्या हॉस्पिटलने आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही असे सरळ होर्डिंग लावले होते तेव्हा केवढा गदारोळ झाला, त्यानंतर राज्य सरकारने कायद्याचा मसुदाही करायला घेतला. तिथे चिडायचं कारण पेशंटचे थोडे पैसे जास्त गेले एवढंच नव्हतं, आपण ज्याला सल्ला समजलो तो सल्ला विकलेला होता हे होतं. इथेही तेच. पीएच जेव्हा म्हणतो की हा माणूस सगळ्यात चांगला, तेव्हा तो कामाने चांगला आहे की कटाने, हे गिऱ्हाइकाला कळायचा मार्गच नाही.

आता पीएच लोकांवर सरसकट दगड मारायचा नाहीये मला. त्यातले बरेच फ्रीलान्स असतात, रोजंदारीवर, सीझन मुख्यतः मे ते सप्टेंबरचा थंडीचा, बाकीचे महिने काम कमी. आउटफिटरचीही गोची असते. अमेरिकेत डॅलस सफारी क्लब, सफारी क्लब इंटरनॅशनल यांच्या वार्षिक अधिवेशनांत स्टॉल लावायचा तर विमान, हॉटेल, जागेचं भाडं, वर लिलावासाठी एखादी सफारी देणगी म्हणून द्यायची, बुकिंग एजंटला वेगळं कमिशन, आणि एवढं करून रोजचा दर शेजाऱ्यापेक्षा कमी दाखवायचा नाहीतर गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणजे जाहिरातीतला भाव मुद्दाम खाली ठेवायचा आणि तूट जिथे कुणी बघत नाही तिथून भरायची. अमेरिकेतले काही टॅक्सिडर्मिस्टही स्वतः सफारीची बुकिंग घेऊन देतात, त्यामुळे पैसा दोन्ही दिशांनी फिरतो.

पण मग दर वाढवा ना राव. आउटफिटरचं काम खरं असतं, टॅग लावणं, रजिस्टर भरणं, खारवलेली कातडी सांभाळून वर्कशॉपला पोचवणं, बिबट्यासारखं जनावर असेल तर साइट्सचं (दुर्मिळ प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परमिट आणि कोट्याचा मागोवा, याला पैसे लागतात आणि ते घेतलेच पाहिजेत. ट्रॉफी हँडलिंग म्हणून एक ओळ टाका बिलात, शंभर-दोनशे डॉलर जे काय असेल ते. हजारो डॉलर खर्चून आलेला माणूस त्याला नाही म्हणणार नाही.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं की गिऱ्हाइकाला काय फरक पडतो, टॅक्सिडर्मिस्ट आपल्या नफ्यातून देतो. हे मला अजिबात पटत नाही. कट द्यायचा तर एक तर भाव चढवावा लागतो, नाहीतर काम स्वस्तात उरकावं लागतं. स्वस्तात उरकलेलं काम लगेच दिसत नाही. हलका फॉर्म (कातड्याच्या आतला साचा), चुकीच्या मापाचे काचेचे डोळे, टॅनिंगमध्ये, म्हणजे कातडं कमावण्यात, घाई, हे सगळं घरी भिंतीवर लावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बाहेर येतं, शिवण उकलते, कानाची कड वाळून वाकते. तेव्हा त्याने पीएचला मेल केला की उत्तर येतं, ते तुमचं आणि टॅक्सिडर्मिस्टचं बघा, आमचा काही संबंध नाही. पैसे घेताना संबंध होता की. माझ्या मते कमिशन घेतलं तर तक्रारीचीही जबाबदारी घ्यावी, दोन्हीपैकी एकच मिळणार नाही.

कायद्याचं म्हणाल तर साऊथ आफ्रिकेत २००४ चा भ्रष्टाचारविरोधी कायदा खासगी व्यवहारांनाही लागू आहे, फक्त सरकारी बाबूंना नाही. एखादं ठरावीक कमिशन त्यात बसतं का हे वकील सांगेल, पण गिऱ्हाइकाला सांगून घेतलेल्या पैशावर कुणी बोट ठेवू शकणार नाही एवढं मलाही कळतं.

आमच्या फ्रेटच्या धंद्यातही हेच शिरलंय हे पण लिहितो, नाहीतर दुसऱ्यांचंच काढतोय असं होईल. विमानाच्या मालाला वजनापेक्षा जागेचे पैसे जास्त लागतात, लांबी-रुंदी-उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ६००० ने भागायचं, तेवढे किलो धरतात. १२० बाय १०० बाय ११० चं खोकं असेल तर आतला माल सत्तर किलो असला तरी पैसे २२० किलोचे. म्हणून चांगला टॅक्सिडर्मिस्ट कुडूची शिंगं काढता-घालता येतील अशी बसवतो, मुंडकी एकात एक गुंतवून पॅक करतो, आणि खोकं लहान करतो. ज्याला पर्वा नाही तो ढिलं खोकं बांधतो. आणि वर्कशॉपकडून फॉरवर्डरला सरळ विचारणा होते की तुमच्या कोटेशनमध्ये आमचे इतके धरा. आमच्याकडेही अशी विचारणा आली होती, आम्ही नाही म्हटलं, ते काम दुसरीकडे गेलं. मग ज्याला मोठ्या खोक्यावर टक्का मिळतो तो खोकं लहान कशाला करेल?

शिकारीला येणारा कुणी ओळखीचा असेल, अमेरिकेत-कॅनडात आपल्या बऱ्याच लोकांचे ऑफिसमधले सहकारी शिकारी असतात, तर त्याला एवढं सांगा. बुकिंग करतानाच, म्हणजे बंदुकीचे कागद करायच्या आधी, आउटफिटरला मेलवर विचार की टॅक्सिडर्मिस्टकडून तुला काही मिळतं का, आणि टॅक्सिडर्मिस्ट मी निवडला तर चालेल का. प्रामाणिक माणूस दोन ओळींत उत्तर देतो, हो मिळतं, इतकं मिळतं, आणि त्याच्यावरचा विश्वास उलट वाढतो. दुसरा पर्याय इथे ज्याला डिप अँड पॅक म्हणतात तो, कातडी आणि शिंगं फक्त निर्जंतुक करून पाठवायची आणि माउंट स्वतःच्या गावी करून घ्यायचा. अमेरिकेत कारागीर महाग आहे, पण खोकं लहान होतं, आणि काम बिघडलं तर गाडी काढून त्याच्या दारात जाऊन उभं राहता येतं. फक्त वॉर्टहॉगचं आधी विचारून घ्या, डुकरांच्या रोगामुळे तिथे कच्च्या मालाला मान्यताप्राप्त ठिकाणीच जावं लागतं, आणि बबून-माकडांचे नियम आणखी वेगळे आहेत. तुलना करताना नुसता माउंटचा भाव धरू नका, माउंट, पॅकिंग, परमिट, विमान, तिकडचा कस्टम ब्रोकर, घरापर्यंतचा ट्रक, सगळं मिळून दोन्ही पर्यायांची बेरीज मांडा.

आणि वर्कशॉपवाल्यांपैकी कुणी हे भाषांतर करून वाचत असेल तर, एकच रेटलिस्ट ठेवा आणि वेबसाइटवर टाका. असं करणारे लोक इथे आहेत, त्यांच्याकडे वर्षभराचं काम रांगेत असतं, मी त्यांची खोकी पाठवतो म्हणून मला माहितीय.

कुणाकडे असं कोटेशन आलेलं असेल आणि फ्रेटचा आकडा जास्त वाटत असेल तर खोक्याची मापं इनबॉक्स करा, किलो किती धरायला हवे होते ते काढून देतो, त्याचे पैसे नाहीत.