आठ पानं आणि नऊ संपादक

झीनला, म्हणजे घरच्या घरी काढलेल्या छोट्या अंकाला, म्हणे संपादक नसतो. 'आपले लेखन आमच्या अंकाच्या स्वरूपात बसत नाही' असं कुणी कळवत नाही. स्वतः लिहायचं, स्वतः चितारायचं, झेरॉक्स काढायच्या आणि स्वतःच वाटायच्या. १९३० च्या सुमारास अमेरिकेतल्या विज्ञानकथावेड्यांनी हा उद्योग सुरू केला, सत्तरच्या दशकात पंक संगीतवाल्यांनी तो कात्री, डिंक आणि झेरॉक्स मशीनवर आणला. ही सगळी मंडळी एकेकटी राहत असणार. सासू, सासरे, नवरा, दहावीतली मुलगी आणि हॉलमध्ये मिळून एकच टेबल, अशा डोंबिवलीच्या घरात संपादकाशिवाय काही निघत नाही. आमच्याकडे वरणातल्या मिठालासुद्धा संपादक मंडळ आहे.

विषय माझ्या पोटातला होता: लेडीज डब्यातली चौथी सीट. बाक तीन जणींचा, पण चौथी बसते, असा आपला अलिखित कायदा आहे. चौथी बसते म्हणजे काय, तर तिचा एक पाय बाकाच्या हिशेबात असतो आणि उरलेली ती पॅसेजच्या. तिसरीला 'जरा सरकता का' म्हटलं की ती फक्त श्वास सोडते आणि तेवढ्याला सरकणं म्हणते. यावर बरीच वर्षं साठलेलं मला एकदाचं बाहेर काढायचं होतं. मनातलं मोकळेपणी मांडा, असं सगळेच सांगतात. कुठे बसून मांडायचं ते कुणी सांगत नाही.

झीनची सगळ्यात सोपी रीत म्हणजे एकच ए-फोर कागद. त्याच्या घड्या घालून आठ चौकोन करायचे, मधल्या घडीवर दोन चौकोनांएवढी चीर द्यायची, कागद आडवा दुमडून दोन्ही टोकं आत ढकलायची, की आठ पानांची पुस्तिका हातात येते. ना पिन, ना शिलाई. गोम एवढीच की कागद पसरला की वरच्या ओळीतली चारही पानं डोक्यावर उभी असतात: डावीकडून पाच, चार, तीन, दोन. खाली सरळ ओळीत सहा, सात, मलपृष्ठ आणि मुखपृष्ठ. म्हणजे मुखपृष्ठाच्या शेजारी मलपृष्ठ आणि मुखपृष्ठाच्या डोक्यावर उलटं दुसरं पान.

हे ऐकल्यावर नवरा टीव्ही बंद करून उठला. तो प्रॉडक्शनला आहे. स्टीलची पट्टी घेऊन आला आणि म्हणाला, "कागद २९७ मिलिमीटर. भागिले चार, ७४.२५. हे पाव मिलिमीटर कुठे टाकायचं?" मी म्हटलं, कुठेही टाक. असं बोललेलं त्याला सहन होत नाही. रात्री जेवण होईस्तोवर त्याने एक्सेलमध्ये पानांचा तक्ता केला, घड्यांचा क्रम लिहिला आणि 'प्रिंटर कडेचे चार-पाच मिलिमीटर सोडतो' म्हणून माझ्या लेखाला चारही बाजूंनी कुंपण घातलं. आत जी जागा उरली ती चौथ्या सीटएवढीच होती.

मग सासरे, म्हणजे नाना आले. "अंक काढतेयस ना, मग दिवाळीला काढ. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची परंपरा आहे आपली." परंपरेपाठोपाठ राशिभविष्य आलं. त्याशिवाय घरात कुणी अंक उघडत नाही, हा त्यांचा मुद्दा खोडता येईना, त्यामुळे सातवं पान गेलं. पत्त्याएवढ्या पानावर बारा राशी बसवताना मीन राशीच्या वाट्याला 'ठीक' एवढंच आलं.

पुण्याहून फोन करून काकांनी वैचारिक बाजू सांभाळली. "हे तुमचं झीनबीन आमच्या लघुनियतकालिकांनी कधीच केलंय. सायक्लोस्टाइल! १९६९ साली गिरगावात 'सत्यकथा' मासिकाची होळी झाली, ते दिवस आठवतात." १९६९ साली काका चौथीत होते आणि साताऱ्यात होते. पण फोन स्पीकरवर होता, कोण बोलणार?

खरी संपादक घरातच, आई. बत्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या सासूबाई. पक्की प्रत टेबलावर वाळत ठेवून मी कुकर लावायला गेले, परत येते तो आईंच्या हातात लाल पेन. दुसऱ्या पानावरच्या 'ए, सरक की जरा'वर काट मारून वर 'कृपया सरकता का?' लिहिलेलं. "अगं, छापील मजकुरात असं शोभत नाही." पाचव्या पानाच्या समासात शेरा होता: 'कल्पना चांगली. अक्षर सुधारावे.' खाली सही आणि तारीख.

मुलीने चित्रांचं काम घेतलं होतं. दारातल्या, खिडकीतल्या, पर्स छातीशी धरलेल्या बायका तिने झकास काढल्या आणि सगळ्यांचे चेहरे पिवळ्या हायलायटरने रंगवले. नाक-डोळेसुद्धा त्यानेच.

झेरॉक्सच्या दुकानात आधारकार्डांची रांग. माझा कागद हातात घेऊन दुकानदार म्हणाला, "मॅडम, चार पानं उलटी लागलीत. कापून सरळ करून देऊ?" नको म्हटलं. "स्पायरल?" नको. "लॅमिनेशन?" घड्या घालायच्या कागदाला लॅमिनेशन! सुट्ट्यांसाठी मी पर्समध्ये डोकं घातलेलं असताना त्याने मान वाकडी करून वरची ओळही वाचून काढली. म्हणाला, "छान आहे. शेवट जरा घाईत उरकलाय." माझ्या मागे उभ्या असलेल्या, जातपडताळणीची कागदपत्रं घेऊन आलेल्या काकांनीही मान डोलावली.

ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्सचं एक आहे. लाल रंग कुळकुळीत काळा उमटतो आणि पिवळा जवळजवळ उमटतच नाही. परिणामी माझा पेन्सिलवजा मजकूर अंधूक, आईंच्या दुरुस्त्या ठळक आणि सगळ्या बायका बिनचेहऱ्याच्या. प्रत्येक प्रतीवर 'अक्षर सुधारावे', सहीनिशी.

सोमवारी गाडीत वाटल्या. दिव्याच्या पुढे एकीने कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "बायकांना गर्दीत चेहराच उरत नाही, काय सुंदर दाखवलंय!" मी हायलायटरबद्दल बोलले नाही, कौतुक परत करायची आपली पद्धत नाही. शेजारची म्हणाली, समासातला तो बाईंचा शेरा तर कमाल आहे, सगळी व्यवस्थाच उभी केलीय त्यात. तिसरीने थेट सातवं पान काढलं, ती मीन राशीची निघाली आणि ठाण्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

मुलुंड येईतो पुढचा अंक ठरला होता. विषय 'दारात उभ्या राहणाऱ्या', पाककृती एक, राशिभविष्य सविस्तर आणि आईंनी शेरे आणखी द्यावेत अशी जोरदार मागणी. संपादक मंडळाची पहिली बैठक बुधवारी, ठाणे ते घाटकोपर. खिडकीजवळच्या तिघी मंडळावर आहेत. मला त्यांनी निमंत्रित म्हणून बोलावलंय आणि चौथी सीट मिळेल असं तोंडी आश्वासन दिलंय.