दोन गोळ्यांनी गुण आला नाही, म्हणून सगळ्याच बंद?

‘दोन औषधं लागू पडली नाहीत, म्हणजे डिप्रेशनवर औषधच नाही. गोळ्यांचं व्यसन लागतं, आजच बंद करा. शॉकने मेंदू जळतो.’ खाली जोडलेले हात आणि ‘दहा जणांना पाठवा’. हा मेसेज मावशीपर्यंत पोचला आणि तिने डिप्रेशनवरचं व्हेनलाफॅक्सिन हे औषध एका दिवसात सोडलं. तिसऱ्या दिवशी चक्कर, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके.

म्हणून आधी ‘आजच बंद करा’चं बघू. हे औषध शरीरातून झपाट्याने उतरतं, एकदम तोडलं की हेच होतं. डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करतात ते उगाच नाही. या त्रासालाच मेसेजवाले व्यसन म्हणतात. अहो, व्यसनात तलफ असते. मावशी तर गोळी घ्यायलाच विसरायची, डबीवर वार लिहून द्यावे लागले! शरीराला सवय होते, एवढं खरं. पण ज्या माणसाच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार येऊन गेलेत, त्याला न बघता, न विचारता ‘आजच सोड’ सांगायचं धाडस होतं कसं?

आता ‘दोन औषधं’. डिप्रेशनच्या उपचारांवरचा अमेरिकेतला स्टार-डी हा मोठा अभ्यास २००६ साली पुरा प्रसिद्ध झाला. पहिल्या औषधाने साधारण ३७ टक्के लोकांची लक्षणं जवळजवळ गेली, उरलेल्यांपैकी ३१ टक्क्यांची दुसऱ्या टप्प्यात. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात मात्र १३-१४ टक्केच. इथे मेसेजला अर्धा मार्क देतो, नाइलाजाने: दोन हुकल्यावर शक्यता घसरते. याच अभ्यासाच्या २०२३च्या फेरतपासणीत तर बरे झालेल्यांचा एकूण आकडा आणखी खाली आला. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. शिवाय ‘हुकलं’ कधी म्हणायचं? पुरेशा मात्रेत निदान चार-सहा आठवडे घेतल्यावर. मावशीचं पहिलं औषध पंधरा दिवसांतच बंद झालेलं. ते मोजायचंच नाही. पुढे औषध बदलता येतं, जोडीला लिथियम नावाचं औषध देता येतं (रक्त तपासत राहावं लागतं).

शॉकबद्दल, म्हणजे डोक्याला विजेचा झटका देण्याच्या उपचाराबद्दल, थोडक्यात: भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो द्यायला आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. काही आठवणी पुसट होतात, कधी कायमच्याही. मेंदू जळत नाही.

मावशीची गोळी डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली. मेसेज पाठवणाऱ्या काकांना मी हे सगळं लिहून कळवलं. उत्तरात जोडलेले हात आले.