नोटीस पोरांना आणि खुर्च्या कुणाला?

आज दुपारी तो दुकानात आला. आधार कार्ड पुढे केलं आणि म्हणाला, "ताई, दोन झेरॉक्स द्या. दोन्ही बाजू." कशाला रे, असं विचारलं तर खिशातून घडी घातलेला कागद काढून काउंटरवर ठेवला. पोलीस ठाण्याची नोटीस. नव्या कायद्यात कलम १६८ झालंय, पण आमच्याकडे सगळे अजून १४९चीच नोटीस म्हणतात. सणाच्या काळात काही अनुचित प्रकार घडल्यास तुम्हाला जबाबदार धरण्यात येईल, अशा अर्थाचा मजकूर. खाली त्याचं नाव, वय २३, मंडळाचा सेक्रेटरी.

माझं डोकंच फिरलं. कारण सकाळीच त्याच पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक झाली होती आणि तिचे फोटो ग्रुपवर येऊन पडले होते. पुढच्या रांगेत तेच चेहरे. मी कॉलेजात होते तेव्हाही हेच होते. माजी नगरसेवक, दोन ठेकेदार, एका पक्षाचे तालुकाध्यक्ष, दुसऱ्या पक्षाचे माजी तालुकाध्यक्ष. शाल, नारळ, चहा, "आपल्या गावाची परंपरा सलोख्याची आहे" हे भाषण. तिशीच्या आतलं एकही माणूस त्या हॉलमध्ये दिसत नाही. ज्या पोराला आत बोलवायला हवं होतं त्याच्या घरी हवालदार नोटीस घेऊन गेला. आई घाबरली म्हणे, जेवलीच नाही.

हा पोरगा कोण आहे ते गावात ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

मागच्या वर्षी विसर्जनाच्या रात्री, मिरवणूक मशिदीच्या वळणाच्या अलीकडे असताना, एक व्हिडिओ फिरायला लागला. अंधार, पळापळ, कुणीतरी ओरडतंय, आणि खाली लिहिलेलं की आपल्या मिरवणुकीवर दगडफेक झाली. माझ्या फोनवर तो दहा मिनिटांत चार ग्रुपांतून आला. मागच्या मंडळांतली पोरं पुढे पळायला लागली. याने काय केलं? ढोल थांबवायला सांगितला. दोर धरणाऱ्या पोरांना म्हणाला, दोर सोडायचा नाही, कुणालाही पुढे जाऊ द्यायचं नाही. आणि फोन लावला मोहल्ल्यातल्या एका पोरीला. दोघं एका कॉलेजात, एनएसएसच्या शिबिरात बरोबर होती, तेवढीच ओळख. ती भावाला घेऊन वळणावर आली. दोघांनी तिथंच उभं राहून व्हिडिओ काढला: ही मशीद, हे गेट, हा आमचा गणपती, वेळ बघा, इथं काहीही झालेलं नाही, तो व्हिडिओ इथला नाही. एवढंच. त्यानं मंडळांच्या ग्रुपवर टाकला, तिनं मोहल्ल्याच्या. ती पोरगी बोलत असताना तिचा आवाज कापतोय हे ऐकू येतं. पण ती बोलली.

अर्ध्या तासात ढोल पुन्हा सुरू झाला. शांतता समितीतलं कुणीही तिथं नव्हतं. ते पुढच्या चौकातल्या स्वागत मंडपात होते.

आता मला सांगा, गावाचे नेते कोण?

आपल्याला हे सगळं माहीत नाही असं नाही, म्हणून तर जास्त चीड येते. भिवंडी १९७०ला जळाली, शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून. १९८४ला पुन्हा जळाली. त्यानंतर तिथं पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडेंनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. वजनदार लोकांची वर्षातून दोनदा भरणारी बैठक नव्हे, तर गल्लीगल्लीतली साधी माणसं, दोन्हीकडची, आणि त्यांच्याशी कायम बोलणारा पोलीस. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये शेजारी मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगानं मृतांचा आकडा ९०० दिला. आणि भिवंडी, जिच्या नावाचीच लोकांना धास्ती होती, ती शांत राहिली. माझे मामा तेव्हा तिथं लूमवर होते. ते सांगतात, रात्री चौकात पोरं बसायची, यांची आणि त्यांची, चहा प्यायची, कुठून काही कानावर आलं की आधी एकमेकांना विचारायची. पुढे २००६मध्ये तिथंही पोलिसांचे जीव गेले, हे खरं आहे. एकदा उभं केलं की कायमचं झालं असं नसतं. पण जमतं हे तर कळलं ना?

मामांचं ते वाक्य, आधी एकमेकांना विचारायची, मला त्या रात्री आठवलं. त्या दोघांनी तेच केलं. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

मग आपण काय करतो? नेतृत्व विकास शिबिर भरवतो. मागे तालुक्याला एक झालं, मी बॅनर आणि प्रमाणपत्रं छापून दिली होती म्हणून जाऊन बसले. पाहुण्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा २०१५चा ठराव सांगितला, २२५० नंबरचा, तरुणांना शांततेच्या कामात निर्णयाचा वाटा द्या असं सांगणारा. ठराव चांगला आहे, मनापासून सांगते. पण ऐकणाऱ्या साठ-सत्तर पोरांपैकी एकालाही नंतर कुणी विचारलं नाही की बाबा, तुझ्या वॉर्डात काय चाललंय. दोन दिवस पोहे खाल्ले, गटचर्चा केली, फोटो काढला, घरी गेले. अहो, पोहता येण्यासाठी आधी पाण्यात उतरू द्यावं लागतं!

आणि शिकायच्या जागा तरी कुठे ठेवल्यात आपण? कॉलेजच्या निवडणुका १९९४च्या कायद्यानं गेल्या. हिंसा व्हायची, खून झाला होता, कबूल. पण २०१६च्या कायद्यात खुल्या निवडणुका परत आणल्या आणि मग दरवर्षी काही ना काही कारण काढून पुढेच ढकलल्या. नगरपालिका-महापालिकांत २०२२पासून किती वर्षं प्रशासक बसले होते ते आपण पाहिलंय. म्हणजे पोरानं मतं मागायला, हरायला, विरोधकाशी दुसऱ्या दिवशी चहा प्यायला शिकायचं कुठे? उरलं काय, तर दहीहंडी, डीजे आणि भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. त्या फ्लेक्सवर खाली पासपोर्टएवढा फोटो मिळाला की पोराला वाटतं आपण कुणीतरी झालो. पोराला दोष देऊन उपयोग नाही. त्याला दुसरीकडे कुठे कुणी नावानं हाक मारली होती?

तंटामुक्ती समितीचंही तेच. १५ ऑगस्ट २००७ला आर. आर. आबांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, आणि माझ्या सासरच्या गावात सुरुवातीला खरोखर चांगलं काम झालं. बांधावरची भांडणं देवळात बसून मिटली, मी पाहिलेली आहेत. आता अध्यक्ष कोण व्हायचं ते सरपंचाच्या गटावर ठरतं.

ज्येष्ठांचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. २०२३ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली, तेव्हा मुंबईत आणि ठिकठिकाणी जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरलं, ते मोठ्या माणसांनी एकत्र बसूनच ठरवलं. तेवढं मोठेपण लागतं आणि ते वयानं येतं. बरं. पण त्याच वर्षी जूनमध्ये कोल्हापुरात, शाहू महाराजांच्या कोल्हापुरात, मोबाईलच्या स्टेटसवरून दंगल झाली. स्टेटस कुणाच्या फोनवर असतं? रात्री दीड वाजता कुठल्या ग्रुपवर काय शिजतंय हे सत्तरीच्या माजी नगरसेवकाला कळणार आहे का? ते त्या दोघांना कळतं. आणि कळल्यावर जिवाची पर्वा न करता जाऊन उभं राहायचं, हेही त्यांनाच जमलं.

हे लिहिताना राग थोडा उतरलाय. पोलिसांचंही मला कळतं. एवढ्या गावाला माणसं किती, त्यांची ड्युटी किती तासांची, वरून यादी मागतात आणि हे मंडळांच्या पदाधिकाऱ्यांची नावं लिहून देतात. नोटीस घेऊन गेलेला हवालदार त्याच्या आईला म्हणाला, "मावशी, नुसती सही हवी, काळजी करू नका." भला माणूस आहे. पण त्याच्या साहेबांना मागच्या वर्षीची रात्र ठाऊक नाही, बदली होऊन आलेत. आणि ज्यांना ठाऊक आहे ते आज सकाळी शाल घेऊन गप्प बसले. त्यांच्यातल्या एकानंही उठून सांगितलं नाही की साहेब, त्या पोराला नोटीस नको, खुर्ची द्या. याचा राग मात्र उतरत नाही.

आणि ती पोरगी? तिला तर नोटीसही नाही आणि बोलावणंही नाही. मोहल्ल्यातून समितीवर जे दोघं जातात तेही साठीच्या पुढचे, दोन्ही पुरुष. त्या रात्रीनंतर तिच्या घरी महिनाभर बोलणी बसत होती, बाहेर कशाला तोंड दाखवायला गेलीस म्हणून. तिनं ती ऐकून घेतली, कॉलेज सोडलं नाही. परवा दुकानात आली होती प्रोजेक्टचं स्पायरल बाइंडिंग करायला. मी विचारलं, यंदा पुन्हा असं काही झालं तर जाशील? म्हणाली, "जाना तो पडेगा ना, ताई."

मी अर्ज लिहिलाय, पोलीस निरीक्षकांच्या नावे. शांतता समितीत प्रत्येक वॉर्डातून तिशीच्या आतली दोन माणसं घ्यावीत, त्यातली एक मुलगी. बैठक सणाच्या तोंडावर न घेता दर महिन्याला घ्यावी. अफवा आली तर रात्री फोन उचलणारा एक अधिकारी नेमून त्याचा नंबर या पोरांकडे द्यावा. आणि मागच्या वर्षी ज्यांनी मिरवणूक सांभाळली त्यांची नावं नोटिशीच्या यादीतून काढावीत. शुक्रवारी सकाळी आम्ही तो द्यायला जाणार आहोत. सही करायची असेल तर गुरुवारी रात्री आठपर्यंत दुकानावर या. नाव, पत्ता, मोबाईल नंबर स्पष्ट लिहा. पहिल्या दोन सह्या झाल्यात, त्याची आणि तिची.