वजनाच्या शस्त्रक्रियेला मेडिक्लेम मिळतच नाही, या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या काही महिन्यांत चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतच्या कितीतरी व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सौंदर्यासाठीची समजली जाते, म्हणून मेडिक्लेम तिला एक रुपयाही देत नाही, ज्यांना मिळतो त्यांना मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातल्या ओळखीमुळे मिळतो, मधुमेह असेल तर तो फॉर्मवर लिहू नये, जमल्यास हर्नियाच्या नावाखाली दाखल व्हावे, आणि कंपनीने एकदा नकार दिला की विषय संपला. मी अकरा वर्षे एका रुग्णालयाच्या विमा कक्षात कॅशलेसचे, म्हणजे विमा कंपनीने रुग्णालयाला थेट पैसे द्यावेत यासाठीचे, कागद भरले. या संदेशामुळे गुहागरकडच्या एका बाईंनी शस्त्रक्रियेचा विचारच सोडला आणि दुसऱ्या एका कुटुंबाने मुलाच्या पॉलिसीत वडिलांची साखर लपवली, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून त्यातल्या एकेका विधानाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान सौंदर्याचे. हा गैरसमज कुठून आला हे पॉलिसीची पुस्तिका उघडली की कळते. भारतीय विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ साली आरोग्य विम्यातून काय वगळायचे याची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्या यादीत ०६ या क्रमांकाला ‘लठ्ठपणा आणि वजन नियंत्रण’ असे शीर्षक आहे आणि ते वगळलेल्या खर्चांच्या प्रकरणात छापलेले असते. बहुतेक माणसे तेवढे शीर्षक वाचून पुस्तिका मिटतात. प्रत्यक्षात त्याखालचे वाक्य सांगते की, पुढील सर्व अटी पूर्ण न करणाऱ्या शस्त्रक्रियेचाच खर्च वगळला जाईल. याचा सरळ अर्थ असा की, अटी पूर्ण झाल्या तर हे कलम आड येत नाही. त्या अटी अशा: शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हावी, तिला वैद्यकीय उपचारपद्धतीचा आधार असावा, रुग्णाचे वय १८ किंवा अधिक असावे, आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ४० किंवा त्याहून जास्त असावा, किंवा तो ३५ किंवा त्याहून जास्त असून सोबत लठ्ठपणामुळे आलेला हृदयस्नायूचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडखळण्याचा विकार) किंवा नियंत्रणात नसलेला टाइप २ मधुमेह यांपैकी एक तरी असावा आणि वजन घटवण्याचे सौम्य उपाय करूनही यश आलेले नसावे. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियांचे कलम वेगळे आहे, त्याचा क्रमांक ०८. वजन उतरल्यावर पोटाची सैल कातडी केवळ दिसण्यासाठी काढायची असेल, तर तो खर्च त्या ०८ मध्ये जातो. संदेश लिहिणाऱ्याने ही दोन कलमे एकत्र कालवली आहेत.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, कारण ती रुग्णांना फार टोचते. ४० आणि ३५ हेच आकडे अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या १९९१ सालच्या सहमतीपत्रात होते. त्यानंतर बेरियाट्रिक, म्हणजे वजन घटवण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या, शल्यचिकित्सकांच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये ही पातळी खाली आणली आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा विचार व्हावा असे म्हटले, कारण आपल्याकडे कमी वजनावरही मधुमेह आणि हृदयविकार गाठतात. त्यामुळे ३३ बीएमआय असलेल्या रुग्णाला सर्जन ‘करून घ्या’ म्हणतो आणि विमा कंपनी ‘नाही’ म्हणते, तेव्हा दोघेही आपापल्या कागदानुसार बरोबर असतात. माझ्या मते ही अट बदलली पाहिजे. पण अट जुनी आहे म्हणून ती कोणालाच पार करता येत नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे.

दुसरे विधान ओळखीचे. मंजुरी कागदावर मिळते, आणि कागद कुठे अडतो ते मी सांगतो. माझ्या वहिनींचे वजन १०० किलो आणि उंची १५८ सेंटीमीटर. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय येतो ४०.०६, म्हणजे काठावर का होईना, पात्र. जवळच्या एका रुग्णालयात परिचारिकेने त्यांना भिंतीवर चिकटवलेल्या पट्टीपाशी चपलेसकट उभे केले आणि केसपेपरवर १६१ लिहिले. त्या तीन सेंटीमीटरांनी बीएमआय ३८.५८ झाला, सोबतचा कोणताही आजार नोंदलेला नव्हता, आणि टीपीएचे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेचे, नकारपत्र आले. यात ओळख कुठेच नव्हती, एक चप्पल होती.

दुसरी अडचण याहून चमत्कारिक आहे. शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे रुग्णाला अगदी कमी उष्मांकांचा, बहुतेक द्रव आहार देतात, म्हणजे यकृत आकसते आणि दुर्बिणीतून काम करणाऱ्या सर्जनला जागा मिळते. या काळात दोनतीन किलो सहज उतरतात आणि दाखल होताना वजन ९७ भरले की बीएमआय ४० च्या खाली जातो. म्हणून आहार सुरू करण्यापूर्वीचे वजन, त्याची तारीख आणि दाखल होतानाचे वजन ही तिन्ही सर्जनच्या पत्रात असावीत, आणि मधल्या घसरणीचे कारणही एका वाक्यात असावे.

सौम्य उपायांची अट वाक्यरचनेनुसार ३५ च्या गटाला जोडलेली आहे, तरी ४० च्या वरच्या रुग्णाकडेही टीपीए हेच विचारतो. आपल्याकडे इथेच बहुतेक फायली कोरड्या पडतात. गावचे डॉक्टर वर्षानुवर्षे ‘भात कमी करा, संध्याकाळी चाला’ असे तोंडी सांगतात, माणूस भाताऐवजी नाचणीची भाकरी खाऊन सहा महिने काढतोही, पण त्याची एक ओळ कुठे नोंदलेली नसते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर प्रत्येक भेटीची तारीख, वजन, दिलेला आहार आणि औषध एवढेच लिहून घ्यायचे आहे. स्लीप ॲप्निया असेल तर ‘घोरतात’ ही नोंद पुरत नाही. झोपेच्या तपासणीत तासाला ३० किंवा अधिक वेळा श्वास अडखळल्याचे दिसले तर तो तीव्र समजतात, आणि तो अहवाल फाईलमध्ये हवा. मधुमेहासाठी एचबीए१सीचे, म्हणजे गेल्या दोनतीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीचे, निरनिराळ्या तारखांचे अहवाल आणि चालू औषधांची यादी हवी.

आता तिसऱ्या विधानाकडे येतो, जे मला सर्वांत घातक वाटते. मधुमेह लपवा, हा सल्ला देणाऱ्याच्या हे लक्षातच आलेले नाही की ३५ ते ४० च्या गटातल्या कितीतरी रुग्णांना तोच मधुमेह पात्र ठरवतो. पॉलिसी घेताना तो लपवला तर शस्त्रक्रियेच्या वेळी दोनच वाटा उरतात. मधुमेह दाखवला तर ‘हा आधीपासून होता, सांगितला नाही’ म्हणून दावा अडतो, आणि नाही दाखवला तर बीएमआयची अट पूर्ण होत नाही. याउलट तो आधीच सांगितला असेल, तर आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे ज्या काळात त्यांचा खर्च मिळत नाही तो काळ, एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने इतकाच ठेवता येतो. काही पॉलिसींत लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेसाठी वेगळा दोन किंवा तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो, तोही पुस्तिकेत पाहून घ्यावा. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की न सांगितलेल्या माहितीच्या कारणाने कंपनी दावा नाकारू शकत नाही, पण सिद्ध झालेली फसवणूक या संरक्षणाच्या बाहेर आहे. ‘पाच वर्षे गप्प राहा’ असे सांगणारे हा शेवटचा भाग गाळतात.

हर्नियाची युक्ती तर रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे. ऑपरेशनची नोंद, भूलतज्ज्ञाचा कागद, बिलातल्या स्टेपलरच्या काडतुसांची संख्या, यांतून जठराचा आकार कमी केला आहे हे तपासणाऱ्या डॉक्टरला लगेच कळते. समजा कळले नाही, तरी त्या माणसाच्या डिस्चार्ज समरीवर आयुष्यभर खोटे निदान राहते. स्लीव्ह (जठर लहान करण्याची) किंवा बायपास (अन्नाचा मार्ग वळवण्याची) शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला पुढे ब-१२ जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम यांची कमतरता होऊ शकते. तो दोन वर्षांनी चक्कर येऊन देवरुखच्या एखाद्या दवाखान्यात पोहोचला, तर समोरचा डॉक्टर हर्नियाचा कागद पाहून काय शोधणार?

संदेशात जाता जाता असेही म्हटले आहे की, कॅशलेस मंजूर झाले की सगळा खर्च फिटतो. तसे नसते. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली तर अनेक पॉलिसींत इतर खर्चही त्या प्रमाणात कापला जातो, रोबोटिक शस्त्रक्रियेला काही ठिकाणी वेगळी मर्यादा असते, आणि नंतर कायम घ्याव्या लागणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा खर्च बहुधा खिशातूनच होतो. लोटे परशुरामच्या कारखान्यातला कामगार किंवा मुंबईतल्या चाकरमान्याचे इथे राहणारे आईवडील गटविम्यात असतील, तर त्यांनी गटविम्याची अटींची प्रत मागून घ्यावी. त्यात प्रतीक्षाकाळ बहुधा माफ असतो आणि लठ्ठपणाच्या अटी मालकाने केलेल्या करारानुसार वेगळ्या असू शकतात.

शेवटचे विधान असे की, नकार आला की विषय संपला. कॅशलेसचा नकार म्हणजे दाव्याचा नकार नव्हे. पैसे भरून शस्त्रक्रिया करून नंतर परतावा मागता येतो. मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो, दावा नाकारायचा असेल तर तो कंपनीच्या आढावा समितीपुढे न्यावा लागतो, आणि नकारपत्रात पॉलिसीचे नेमके कलम सांगावे लागते. ते कलम हाती आले की आपल्याला उत्तर देता येते. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, सोबत आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंद. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपाल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी ते कार्यालय पुण्याला आहे, रायगडसाठी ठाण्याला. लोकपालाकडे शुल्क नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचा दावा चालतो, अर्ज कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षात करायचा असतो, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तिथेही समाधान झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

वहिनींच्या बाबतीत आम्हाला लोकपालापर्यंत जावेच लागले नाही. सर्जनच्या ओपीडीत त्यांची उंची अनवाणी, टाचा भिंतीला लावून, उंची मोजण्याच्या यंत्रावर दोनदा घेतली. दोन्ही वेळा १५८ आली. डॉक्टरांनी तसे पत्र दिले, आधीच्या केसपेपरवर उंची चपलेसह घेतल्याचे त्याच परिचारिकेने स्वतः लिहून सही केली, आणि या दोन कागदांसह तक्रार पाठवल्यावर नवव्या दिवशी मंजुरी आली. कंपनीच्या त्या पत्रात उंची १५८ आणि बीएमआय ४०.०६ असेच छापलेले आहे.