‘लाळ म्हणजे नुसतं पाणी’ म्हणणाऱ्या मेसेजची तपासणी

‘लाळ म्हणजे नुसतं पाणी. कडू किती लागणार ते जन्मतःच ठरलेलं. औषधाची गोळी जिभेच्या टोकावर ठेवा, कडूपणा कळणारच नाही.’ हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. त्यातला जिभेच्या टोकाचा मुद्दा आधी निकालात काढू. कडू फक्त जिभेच्या मागच्या भागाला कळतं, हा समज १९०१ च्या एका जर्मन प्रयोगाचे आकडे पुढे चुकीच्या पद्धतीने मांडले गेल्याने पसरला. कडू ओळखणारे ग्राही (पदार्थाचा रेणू चिकटला की चव कळवणारी प्रथिनं) टोकाला, कडांना, मागे, सगळीकडे असतात. टोकावर ठेवलेली गोळी तिथेच विरघळू लागते.

आता लाळ. तिच्यात जवळपास ९९ टक्के पाणी असतं, हे खरं. मेसेज लिहिणारा तिथेच थांबला. उरलेल्या टक्क्यात प्रथिनं, एन्झाइम आणि क्षार असतात. कडू पदार्थ लाळेत विरघळल्याशिवाय ग्राहींपर्यंत पोचत नाही, पण कोको किंवा चहातल्या पॉलिफेनॉलना (वनस्पतींतल्या कडू-तुरट रसायनांना) लाळेतली प्रोलीन-समृद्ध (प्रोलीन हे अमिनो आम्ल भरपूर असलेली) प्रथिनं वाटेतच धरून ठेवतात. धरला गेलेला रेणू ग्राहीला चिकटायला मोकळा उरत नाही. याच जोडणीने लाळेचा बुळबुळीतपणा मात्र कमी होतो आणि तोंड तुरट पडतं. म्हणून कडक चहा कडू लागला की तुरट, हे सांगताना अनेकांची गल्लत होते.

विरघळण्याचा भाग घरीही तपासता येतो. स्वच्छ कापडाने जिभेचं टोक पुसून कोरडं करा, जीभ बाहेरच ठेवून लगेच त्यावर चिमूटभर इन्स्टंट कॉफी टाका. मग जीभ आत घ्या. कडूपणा खरा उसळतो तो लाळ लागल्यावर. रेंगाळलात तर टोक पुन्हा ओलं होतं आणि फरक कळत नाही. नाक चिमटीत धरा, नाहीतर वासालाच चव समजाल. नुकतेच दात घासले असतील तर तासभर थांबा, कारण टूथपेस्टमधला फेस आणणारा घटक चवीत ढवळाढवळ करतो. दुसऱ्या खेपेआधी चूळ भरून दोन-तीन मिनिटं जाऊ द्या.

‘जन्मतःच ठरलेलं’ यात अर्धं तथ्य आहे. टीएएस२आर३८ या जनुकाच्या प्रकारानुसार पीटीसी हे रसायन कुणाला जहाल कडू लागतं, कुणाला बेचव. पण माणसात कडूचे सुमारे २५ ग्राही आहेत, या जनुकाचा ग्राही हा त्यांतला फक्त एक. शिवाय लाळ बदलते. कडू खाद्य मिळालेल्या उंदरांच्या लाळेतली प्रथिनं बदलली आणि ते खाद्य त्यांना पटू लागलं. परड्यू विद्यापीठाच्या अभ्यासात लोकांना काही दिवस चॉकलेटचं बदामदूध दिलं, तेव्हा लाळेतल्या प्रथिनांतला बदल आणि कडू-तुरट जाणीव यांचा संबंध दिसला. अमुक दिवसांत कारलं गोड लागेल, असं मात्र त्यातून निघत नाही.

गोळीचंच म्हणाल तर कोरडं तोंड सर्वांत वाईट. गोळी जिभेला चिकटते आणि थोड्याशा लाळेत तिचा दाट कडू द्राव होतो. आधी एक घोट पाण्याने तोंड ओलं करा, गोळी ठेवताक्षणी भरपूर पाण्याबरोबर गिळा. आवरण असलेली गोळी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारल्याशिवाय कुटू नका. कडूपणा झाकणारं आवरण तर जातंच, काही गोळ्यांत औषधही एकदम सुटतं.